रायव्हलविरुद्धची न विसरता येणारी मॅच कुठली? आणि चॅम्पियनशिप मोठी की ती मॅच?

बकायभाऊ:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते विचारून टाकतो. मी ओहायो स्टेटला मास्टर्स करतोय. इथे येईपर्यंत अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून ढकलाढकली एवढंच माहीत होतं, आणि कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला लाख लाख लोक कशाला जमतात हे तर अजिबातच कळत नव्हतं. मग ३० नोव्हेंबर २०२४ ला मिशिगनविरुद्धची मॅच स्टेडियममध्ये बसून बघितली.

त्या आठवड्यात कॅम्पसवर जिथे जिथे एम अक्षर दिसेल तिथे लाल टेपची फुली मारतात. आमच्या मेकॅनिकलच्या पाटीवरचाही एम गेला होता आणि प्रोफेसर लोक त्याच्याखालून काही झालंच नाही अशा चेहऱ्याने ये-जा करत होते. आम्ही देशात दोन नंबरला, मिशिगन ६ जिंकलेले ५ हरलेले, रँकिंगमध्ये नावसुद्धा नाही, आम्ही जवळपास वीस पॉइंटांनी जिंकणार असा सगळ्यांचा अंदाज. हाफटाइमला १०-१० होतं तरी कोणाला टेन्शन नव्हतं. मग आमच्या किकरचे दोन फील्ड गोल (बॉल लाथेने गोलपोस्टमधून मारायचा, तीन पॉइंट) हुकले, आणि ४५ सेकंद राहिलेली असताना त्यांच्या किकरने २१ यार्डांवरून मारला, १३-१०, खेळ खल्लास. वर त्यांची पोरं आमच्या मैदानाच्या मध्यावर झेंडा रोवायला गेली, मारामारी झाली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, सगळा राडा. माझ्या शेजारी साठीचे एक गृहस्थ होते, ते या सगळ्यात जागचे हलले नाहीत, नुसते हातमोजे काढत होते आणि परत घालत होते.

आता गंमत बघा. त्यानंतर टेनेसी, ओरेगॉन, टेक्सास आणि नोटर डेम अशा चौघांना हरवून २० जानेवारी २०२५ ला आम्ही नॅशनल चॅम्पियन झालो, फायनल ३४-२३. तरी आमच्या लॅबमध्ये कोणी चॅम्पियनशिपचा विषय काढला की दुसरा कोणीतरी हमखास म्हणतो, "हो, पण मिशिगन?" हे नॉर्मल आहे का? तुमच्याकडे काय? कुठली मॅच डोक्यातून जात नाही तेही सांगा, सविस्तर सांगा, सध्या सीझन नाही आणि वेळ जात नाहीये.

मेझब्लू_मन्या:
फुल्या मारून एम जात नसतो राव 😄

मी ॲन आर्बरचा, म्हणजे मिशिगनचा. तुमचा १३-१० गोडच होता, त्यात आमच्या क्वार्टरबॅकने (पास टाकणारा मुख्य खेळाडू) अख्ख्या मॅचमध्ये शंभर यार्डसुद्धा पास टाकले नव्हते, असं खेळून त्या टीमला त्यांच्याच घरात हरवणं म्हणजे काय ते बघा. पण माझी मॅच २०२१ ची. त्याआधी लागोपाठ आठ वेळा हरलो होतो तुमच्याकडून, २०२० ची कोविडमुळे झालीच नाही, म्हणजे मी आलो तेव्हा कॅम्पसवर असा एकही विद्यार्थी नव्हता ज्याने शिकता शिकता ओहायोला हरवलेलं बघितलंय. प्रत्येक वर्षी नोव्हेंबरात लोक आधीच तोंड पाडून बसायचे. त्या दिवशी बर्फ पडत होता, आणि हॅसन हॅस्किन्स नुसता बॉल घेऊन घुसत होता, पाच टचडाऊन (बॉल घेऊन शेवटची रेषा ओलांडणं, सहा पॉइंट) एकट्याचे, ४२-२७. चौथ्या क्वार्टरला सगळ्यांना कळलं होतं की पुढचा प्ले रनच असणार, ओहायोला तर नक्कीच कळलं होतं, पण थांबवता येत नव्हतं. मॅच संपल्यावर सगळं पब्लिक मैदानात उतरलं, माझा एक बूट तिथे निघाला आणि तो मी परत वर येऊन घातला तोपर्यंत मोजा बर्फाने कडक झालेला.

महिनाभराने सेमीफायनलला जॉर्जियाने आम्हाला ३४-११ असं धुतलं. कोणाला काही पडलेलं नव्हतं. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, एकदम नॉर्मल.

आणि इतिहास ऐकायचाच असेल तर १९५० ची बघा, हिमवादळात ओहायोच्या घरी, कोलंबसला खेळले होते. मिशिगनला पूर्ण मॅचमध्ये एकही फर्स्ट डाऊन (चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जाणं) मिळाला नाही, एकही पास पूर्ण झाला नाही, २४ वेळा पंट केलं, म्हणजे बॉल लाथेने समोरच्यांकडे उडवून दिला, आणि जिंकले ९-३! कसं, तर ओहायोचे पंट दोनदा अडवून, एकाचे दोन पॉइंट आणि एकाचा टचडाऊन. बॉल आपल्याकडे ठेवणंच धोक्याचं होतं म्हणून दोन्ही टीम तो लवकरात लवकर समोरच्याच्या गळ्यात मारत होत्या. त्यानंतर ओहायोच्या कोचने राजीनामा दिला आणि त्याच्या जागी आला वुडी हेज. याच हेजचा जुना असिस्टंट बो शेंबेकलर १९६९ ला मिशिगनचा कोच झाला आणि पहिल्याच वर्षी गुरूला २४-१२ ने हरवलं. पुढची दहा वर्षं या दोघांची जी जुंपली, त्यातूनच आजचं हे सगळं वेड आलंय.

ऑबर्नकर:
तुम्ही उत्तरेतले लोक बर्फाच्या गोष्टी सांगा, आम्ही एका सेकंदाची सांगतो.

३० नोव्हेंबर २०१३, ऑबर्न विरुद्ध अलाबामा, आमचं जॉर्डन-हेअर स्टेडियम. आधीचं वर्ष कसं होतं ते सांगितल्याशिवाय मजा कळणार नाही. २०१२ ला आम्ही ३ जिंकलो ९ हरलो, अलाबामाने ४९-० केलं होतं. एकोणपन्नास-शून्य! आणि एका वर्षात आम्ही चार नंबर, ते एक नंबर. २८-२१ ने मागे होतो, ३२ सेकंद राहिली असताना टचडाऊन मारून २८-२८ केलं. मग अलाबामाचा रनर बॉल घेऊन बाउंड्रीबाहेर गेला आणि घड्याळ शून्यावर आलं. आम्ही सगळे ओव्हरटाइमच्या तयारीत. पण त्यांचा कोच निक सेबन रेफ्रीशी भांडला की एक सेकंद शिल्लक आहे. रिव्ह्यू झाला आणि खरंच एक सेकंद परत मिळाला. त्या एका सेकंदात त्याने ५७ यार्डांची किक मारायला लावली, त्यांच्या नेहमीच्या किकरचा दिवस वाईट चालला होता म्हणून दुसऱ्या नवख्या पोराला पाठवलं. किक कमी पडली. आमचा क्रिस डेव्हिस गोलपोस्टखाली उभा होता, त्याने झेलली आणि जो सुटला तो डाव्या कडेने अख्खं मैदान पार करून पलीकडे. ३४-२८. टाइम संपलेला.

मी स्टुडंट सेक्शनमध्ये होतो. आवाजाचं काय सांगू, पन्नास यार्डांपर्यंत लोक ओरडत होते ते नक्की काय होतंय हे न कळून, आणि पन्नासच्या पुढे कळल्यामुळे ओरडत होते, दोन्ही वेगळे आवाज होते. माझ्या पुढचा मुलगा "नो नो नो" म्हणत होता, कशाला ते त्यालाही सांगता येईना.

आणि हो, नंतर फायनलला फ्लोरिडा स्टेटकडून १३ सेकंद राहिलेली असताना टचडाऊन खाऊन ३४-३१ हरलो. ऑबर्नमध्ये तुम्हाला त्या फायनलचा फोटो भिंतीवर दिसणार नाही, डेव्हिसचा मात्र जिथे जाल तिथे दिसेल.

नुसती_वाचक:
मला फुटबॉलमधलं फार कळत नाही, एक शंका. किक हुकली की ती हुकली ना? बॉल घेऊन पळता कसं येतं? आणि त्या डेव्हिसला कोणी अडवलं का नाही, समोर अकरा जण होते ना?

ऑबर्नकर:
@नुसती_वाचक एकदम बरोबर जागी बोट ठेवलंत, तीच तर खरी गोष्ट आहे. फील्ड गोलची किक मैदानाबाहेर न जाता आतच कमी पडली तर समोरच्या टीमला ती झेलून पळता येतं. सहसा कोणी पळत नाही, कारण सोडून दिली तर किकचा प्ले जिथून सुरू झाला तिथूनच बॉल आयता मिळतो. पण इथे वेळच संपलेली, सोडून देऊन काय करायचं. आणि किक मारणाऱ्या टीममध्ये त्या वेळी बहुतेक सगळे दीड-दीडशे किलोचे लाइनमन असतात, किकरला कोणी येऊन पाडू नये म्हणून भिंत करून उभे राहणारे. ते पळणाऱ्याला पकडायला ठेवलेलेच नसतात. डेव्हिस पंट परतवणारा, म्हणजे पळणं हेच काम. नाही म्हणायला एकदोघे आडवे आले, पण आमच्या पोरांनी त्यांना बाजूला केलं. सेबनने तो सेकंद मागितला नसता तर काहीच झालं नसतं, हे आम्ही दरवर्षी आठवणीने बोलतो.

टाइड_टस्कालूसा:
झालं का सुरू परत. एका मॅचवर किती वर्षं जगणार भाऊ तुम्ही.

मी अलाबामाचा, आणि मला वरचं सगळं बकवास वाटतं. २०१७ ला ऑबर्नने आम्हाला २६-१४ ने हरवलं. आठवतं कोणाला? नाही आठवत, कारण त्याच सीझनला आम्ही प्लेऑफमध्ये घुसलो आणि ८ जानेवारी २०१८ ला जॉर्जियाविरुद्ध ओव्हरटाइममध्ये सेकंड अँड ट्वेंटी-सिक्सवरून (दुसरा प्रयत्न, २६ यार्ड बाकी) आमच्या क्वार्टरबॅक टुआने तो पास टाकला, २६-२३, चॅम्पियन. लोकांना तो पास आठवतो. बकायभाऊ, तुमचंही तेच झालंय, हरलात आणि वर चॅम्पियन झालात, मग तोंड कसलं पाडताय? लॅबमधल्यांना चॅम्पियन टीमला मिळते ती अंगठी दाखवा आणि गप्प करा.

बाकी रायव्हलरी डोक्यात गेली की काय होतं तेही लिहा की कोणीतरी. २०१० ला २४-० ने पुढे असून आम्ही २८-२७ हरलो, आणि आमच्यातल्या एका महाभागाने जाऊन ऑबर्नच्या टूमर्स कॉर्नरवरच्या जुन्या ओक झाडांना विष घातलं. वर रेडिओवर फोन करून स्वतःच सांगितलं. त्याला जेल झाली, झाडं वाचली नाहीत, २०१३ ला तोडावी लागली. टीमवर प्रेम असावं पण झाडाने काय घोडं मारलं होतं.

ऑबर्नकर:
@टाइड_टस्कालूसा झाडांचं लिहिलंत ते बरं केलंत. जिंकल्यावर त्या झाडांवर टॉयलेट पेपर फेकून साजरं करायची आमची पद्धत. २०१३ च्या त्या रात्री झाडं नव्हती तर लोकांनी तारांवर, जवळच्या दुसऱ्या झाडांवर, सिग्नलवर, जे दिसेल त्याच्यावर फेकले. बाकी २०१७ चा स्कोअर तुम्हाला न बघता लिहिता आला, म्हणजे आठवतंय की 😉

टार_हील_ताई:
फुटबॉलमध्ये बास्केटबॉल घुसवते, चालेल ना? मी चॅपल हिलची, म्हणजे नॉर्थ कॅरोलिना युनिव्हर्सिटीची, नवरा ड्यूकचा. दोन्ही कॅम्पसमध्ये गाडीने जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, त्यामुळे भांडण शेजाऱ्यांचं असतं तसं, रोजचं आणि बारीकसारीक.

२०२२ ला ड्यूकचे कोच के रिटायर होणार होते, बेचाळीस सीझन एकाच कॉलेजला, पाच चॅम्पियनशिप. ५ मार्चला त्यांची घरच्या मैदानावरची शेवटची मॅच, नेमकी आमच्याविरुद्ध. त्यांचे शंभरेक जुने खेळाडू बोलावलेले, कॅमेरून इनडोअरमध्ये मॅचनंतर सत्कार समारंभ ठेवलेला. आमची टीम त्या वर्षी धड ना गचाळ अशी होती. आणि आम्ही जिंकलो, ९४-८१! मग तो सत्कार झाला, पण चेहरे बघण्यासारखे होते. नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला, टीव्ही नाही, फक्त आवाज.

त्याला वाटलं हिशोब एनसीएए टूर्नामेंटमध्ये, म्हणजे देशपातळीच्या स्पर्धेत, चुकता होईल. तर ती वेळही आली, २ एप्रिल, न्यू ऑर्लिन्स, फायनल फोर, म्हणजे सेमीफायनल. इतक्या वर्षांत या दोन टीम एनसीएए टूर्नामेंटमध्ये कधीही एकमेकांसमोर आल्या नव्हत्या, पहिल्यांदाच, आणि तेही कोच के यांची शेवटची मॅच ठरू शकेल अशा वेळी. शेवटच्या पंचवीस सेकंदांत केलेब लव्हने तीन पॉइंटरचा शॉट मारला, त्याचे एकूण २८ झाले, ८१-७७. संपलं त्यांचं करिअर, आमच्या हातून. नवरा उठून कुत्र्याला फिरवायला गेला. कुत्रं झोपलेलं होतं, त्याला उठवून नेलं.

सोमवारी फायनलला कॅन्ससविरुद्ध हाफटाइमला १५ पॉइंटांनी पुढे असून आम्ही ७२-६९ हरलो. टाइड दादा, तुमचा मुद्दा कळला, पण मला कोणी विचारलं की ती फायनल जिंकून ड्यूकशी हरायचं असं बदलून देऊ का, तर मी नाही म्हणेन. चॅम्पियन दरवर्षी कोणीतरी होतंच. त्या दोन मॅच परत होणार नाहीत.

टाइड_टस्कालूसा:
ताई, बदलून न घेणारे फक्त हरलेलेच असतात. पण कुत्र्याला उठवून नेलं हे भारी 😂

जुना_ॲगी:
सगळ्यांचं वाचलं, मजा आली. माझी मॅच थोडी वेगळी आहे.

मी टेक्सास ए अँड एमला १९९९ ला होतो. आमचा रायव्हल ऑस्टिनचा टेक्सास. थँक्सगिव्हिंगच्या मॅचआधी मोठी होळी पेटवायची परंपरा होती, बॉनफायर म्हणायचे, विद्यार्थी स्वतः झाडं तोडून आणायचे, हजारो ओंडके रचायचे, आठवडेच्या आठवडे रात्रंदिवस काम चालायचं. १८ नोव्हेंबरला पहाटे पावणेतीनच्या सुमारास तो रचलेला ढीग कोसळला. वर पोरं काम करत होती. बारा जण गेले, सत्तावीस जखमी. फुटबॉल टीममधले खेळाडूही ओंडके उचलायला गेले होते, क्रेन लावता येत नव्हती कारण हलवलं तर आत अडकलेल्यांवर आणखी पडेल, म्हणून बराचसा भाग हातानेच काढला.

ऑस्टिनला दरवर्षी आमच्या नावाने शिमगा करायची त्यांची एक रॅली असायची. ती त्यांनी त्या वर्षी केली नाही, तिच्या जागी सगळे जमून मेणबत्त्या लावल्या. आमच्याकडेही मॅचच्या आदल्या रात्री, जिथे बॉनफायर पेटायची त्या जागेवर हजारो मेणबत्त्या होत्या. दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला मॅच. काईल फील्डला ८६ हजार लोक, आमच्याकडे विद्यार्थी मॅचभर बसत नाहीत, उभे असतात, तसे उभे होतो पण नेहमीसारखा गोंगाट नव्हता. हाफटाइमला टेक्सासचा बँड आला. त्यांनी शोकाची धून वाजवली आणि जाताना सगळ्यांनी टोप्या काढून हातात घेतल्या. त्या बँडला आम्ही वर्षानुवर्षं शिव्या घातलेल्या आहेत, आणि तेव्हा अख्खं स्टेडियम त्यांच्यासाठी उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मग आमचा बँड आला आणि शेवटी एकही सूर न वाजवता बाहेर गेला. बुटांचा आवाज वरपर्यंत येत होता.

मॅच आम्ही हाफटाइमला मागे होतो. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना टचडाऊन झाला, २०-१६, आणि त्यांचा शेवटचा हल्ला आमच्या एकाने क्वार्टरबॅकच्या हातातून बॉल पाडून संपवला. ज्याने बॉल पकडला तो गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हात वर केले. जिंकल्यावर एवढे रडणारे लोक मी पुन्हा बघितले नाहीत. कॅम्पसवरची बॉनफायर त्यानंतर बंद झाली.

पुढे २०१२ ला आम्ही कॉन्फरन्स (एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) बदलली आणि ही मॅचच थांबली. २०११ ची शेवटची त्यांनीच जिंकली, शेवटच्या किकवर २७-२५. बकायभाऊ, तुमचा १३-१० झाला ना, त्याच संध्याकाळी ती आमच्या गावी, कॉलेज स्टेशनला परत सुरू झाली. १७-७ हरलो. हरलो याचं वाईट वाटलंच, पण परत त्यांना मनापासून शिव्या घालता आल्या याचा आनंद जास्त होता.

मेझब्लू_मन्या:
काका, हे माहीत नव्हतं. लिहिल्याबद्दल थँक्यू.

बर्कलीचं_अस्वल:
काकांनंतर काय लिहिणार, तरी जरा हलकं करतो.

२० नोव्हेंबर १९८२, कॅल (म्हणजे आमची बर्कली) विरुद्ध स्टॅनफर्ड. माझा जन्म नव्हता तेव्हा, पण बर्कलीत पहिल्या आठवड्यात हा व्हिडिओ न बघता कोणी सुटत नाही. चार सेकंद बाकी, क्वार्टरबॅक जॉन एल्वेच्या स्टॅनफर्डने फील्ड गोल मारून २०-१९ केलेलं. किकऑफ झाला आणि कॅलच्या पोरांनी बॉल एकमेकांकडे मागे फेकत फेकत पळायला सुरुवात केली, पाच वेळा. इकडे स्टॅनफर्डच्या बँडला वाटलं मॅच संपली, ते वाद्यं घेऊन मैदानात! केव्हिन मोएन बॉल घेऊन त्यांच्यातून वाट काढत गेला आणि टचडाऊन करून शेवटी एका ट्रॉम्बोनवाल्याला धडकला. २५-२०. रेफ्री बराच वेळ घोळका करून उभे होते, मग दिला.

स्टॅनफर्डने आजपर्यंत मान्य केलेलं नाही. दोघांमध्ये कुऱ्हाडीची ट्रॉफी असते, जिंकेल त्याच्याकडे. ती त्यांच्याकडे गेली की ते त्यावरचा १९८२ चा स्कोअर बदलून स्टॅनफर्ड २०-१९ असा करतात, आमच्याकडे आली की आम्ही परत २५-२० करतो. आणि मॅचनंतर काही दिवसांनी त्यांच्या पोरांनी आमच्या कॉलेज पेपरचा खोटा अंक छापून आमच्याच कॅम्पसवर वाटला, निकाल फिरवला म्हणून. आमचे काही लोक खरंच रडले म्हणे. एवढी मेहनत अभ्यासात करत असतील का हे लोक.

नुसती_वाचक:
अहो त्याच दिवशी, २० नोव्हेंबर १९८२ ला, हार्वर्ड-येल मॅच चालू असताना एमआयटीच्या पोरांनी मैदानात आधीच पुरून ठेवलेला वेदर बलून जमिनीतून फुगत वर आला होता ना? तो किस्सा मला माहीत आहे! फुटबॉल कळत नसला तरी 😀

बर्कलीचं_अस्वल:
हो हो, तोच शनिवार! म्हणजे त्या दिवशी देशाच्या दोन्ही टोकांना मैदानात भलतंच काहीतरी घुसलं होतं.

बकायभाऊ:
सगळ्यांचे आभार, दोनदोनदा वाचलं. टाइड भाऊंची अंगठीची युक्ती आज लॅबमध्ये करून बघितली, उत्तर आलं, "हो, पण मिशिगन". तेव्हा तो विषय माझ्यापुरता संपला.

मन्या, २९ नोव्हेंबर २०२५ ला मॅच तुमच्याकडे आहे. मी आणि लॅबमधले दोघं यायचं ठरवतोय, तिकीट कुठल्या बाजूचं घेऊ?

मेझब्लू_मन्या:
या की, स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणसं बसतात, तीन लाल जॅकेटं कुठेही मावतील. फक्त स्टुडंट सेक्शनच्या बाजूचं घेऊ नका, आणि कोपऱ्यातलं अगदी वरचंही नको, तिथे वारा फार लागतो. मोजे दोन जोड आणा. लाल टेप मात्र घरी ठेवून या, आमच्याकडे एम फार आहेत, पुरायची नाही.